बॅकअपच्या पोटात

फोन पाण्यात पडला, चोरीला गेला किंवा एके दिवशी सुरूच झाला नाही, की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘बॅकअप होता ना?’ होता म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. खरी पंचाईत पुढे आहे. बॅकअप आहे, कॉम्प्युटरवर आहे, चांगली ऐंशी-नव्वद जीबी जागा अडवून बसला आहे. पण त्यातले फक्त बारशाचे फोटो हवे असतील, किंवा घरमालकाशी डिपॉझिटवरून झालेले मेसेज, तर ते काढायचे कसे? ‘दुसरा आयफोन घ्या आणि त्यात सगळा बॅकअप उतरवा’ हे कंपनीचं उत्तर. पण एखाद्यानं वैतागून अँड्रॉइड घेतला असेल, तर त्यानं काय करायचं?

बॅकअप म्हणजे आपल्या फाइलींची प्रत, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती फोनची प्रत असते, आणि फोनला परत वाचता यावी अशा बेतानं ठेवलेली असते. माणसानं ती उघडून बघावी असा कोणाचा विचारच नव्हता. तरीही ती उघडता येते, कारण फोनला वाचता यायचं तर काय कुठे आहे याची सूची आतच कुठेतरी असावी लागते. ती सापडली की बाकीचं काम चिकाटीचं आहे, अक्कल फारशी लागत नाही.

आधी आयफोनच्या बॅकअपचा फोल्डर शोधू. मॅकवर तो वापरकर्त्याच्या ‘लायब्ररी’त, ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’च्या आत, ‘मोबाइलसिंक’ नावाच्या फोल्डरात ‘बॅकअप’ म्हणून असतो. विंडोजवर आयट्यून्स ॲपलच्या साइटवरून घेतलं असेल तर ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात ‘रोमिंग’, मग ‘ॲपल कॉम्प्युटर’, मग ‘मोबाइलसिंक’. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलं असेल तर थेट वापरकर्त्याच्या फोल्डरातल्या ‘ॲपल’मध्ये. मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून आयट्यून्स गेलं आणि हे काम फाइंडरकडे आलं, पण बॅकअपची जागा तीच राहिली.

फोल्डर सापडला की लगेच आत शिरू नये. आधी तो अख्खा उचलून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करावा, मूळ जसाच्या तसा ठेवावा आणि पुढची सगळी खटपट कॉपीवर करावी. हे उगाच सोवळं-ओवळं नाही. आयट्यून्स किंवा फाइंडर दर वेळी नवा बॅकअप घेत नाही, जुन्याच फोल्डरात फरक तेवढा भरतं. पुसलेले मेसेज जुन्या बॅकअपात शोधायचे म्हणून कोणी फोन केबलनं लॅपटॉपला जोडतो, आपोआप बॅकअप सुरू होतो आणि जे शोधायचं होतं तेच पुसून निघतं. मॅकवर बॅकअपच्या यादीत ‘आर्काइव्ह’ म्हणून एक पर्याय असतो. तो वापरला तर त्या तारखेचा बॅकअप बाजूला पडतो आणि त्यावर नवा चढत नाही.

आता आत डोकावू. वर एक लांबलचक नावाचा फोल्डर असतो. ते नाव म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक. फोल्डरच्या आत दोनदोन अक्षरी फोल्डरांची रांग: शून्य-शून्यपासून एफ-एफपर्यंत, एकूण २५६. त्यांतला कुठलाही उघडा, चाळीस अक्षरी नावांच्या फाइलींचा ढीग दिसतो. नावांत शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं, बाकी काही नाही. शेवटी डॉट जेपीजी नाही, डॉट पीडीएफ नाही. डबल-क्लिक केलं की विंडोज विचारतं, ही फाइल कशानं उघडू? बहुतेक लोक इथेच हात टेकतात आणि इंटरनेटवरून पहिलं दिसेल ते सॉफ्टवेअर विकत घेतात.

ही नावं मात्र कोणी मनाला येईल तशी दिलेली नाहीत. मोठ्या ग्रंथालयात पुस्तकं दाखल क्रमांकानं लावलेली असावीत आणि पुठ्ठ्यांवर नावच नसावं, असा हा प्रकार आहे. कपाटासमोर उभं राहून काही कळत नाही, नोंदवही हातात आली की प्रत्येक पुस्तक सापडतं. फाइल फोनमध्ये कुठल्या विभागात होती आणि त्या विभागात तिचा पत्ता काय होता, हे दोन्ही जोडून फोन एक ओळ तयार करतो आणि ती ‘शा-वन’ या गणिती यंत्रातून काढतो. यंत्रातून येतो १६० बिटांचा आकडा, म्हणजेच ती चाळीस अक्षरं. त्यांतली पहिली दोन म्हणजे फोल्डरचं नाव. शा-वन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं बनवलं, १९९५ साली प्रसिद्ध झालं, आणि २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी दोन वेगळ्या फाइलींतून एकच आकडा काढून दाखवला. तेव्हापासून गुप्ततेच्या कामाला ते बाद झालं. इथे गुप्ततेचा प्रश्नच नाही, फक्त नाव पाडायचं आहे, त्यामुळे चालून जातं.

एक मजा त्यातून निघते. मेसेजांची फाइल प्रत्येक आयफोनमध्ये एकाच विभागात, एकाच पत्त्यावर असते. म्हणजे तिचं चाळीस अक्षरी नावही जगातल्या सगळ्या आयफोनांच्या बॅकअपांत एकच. ते ‘३डी०डी७ई५एफ’ असं सुरू होतं, तेव्हा ती फाइल ‘३डी’ या फोल्डरात मिळणार. सांगलीच्या फोनची असो की सिंगापूरच्या.

नोंदवहीचं नाव ‘मॅनिफेस्ट डॉट डीबी’. २५६ फोल्डरांच्या बाहेर ज्या चार फाइली सुट्या दिसतात त्यांतली ही एक. २०१६च्या आयओएस १०पासून ती आली. त्याआधी ‘मॅनिफेस्ट डॉट एमबीडीबी’ नावाची वेगळ्याच घडणीची सूची असे आणि सगळ्या फाइली एकाच फोल्डरात कोंबलेल्या असत, त्यामुळे खूप जुना बॅकअप उघडताना साधनही जुनं लागतं. आजची मॅनिफेस्ट हा साधा एसक्यूलाइटचा डेटाबेस आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी चाललेल्या कामातून हे एसक्यूलाइट बांधलं आणि सगळ्यांना फुकट वापरायला सोडून दिलं. आज प्रत्येक स्मार्टफोनच्या पोटात ते आहे. ते वाचायला ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हा मोफत प्रोग्रॅम पुरतो.

त्यात मॅनिफेस्ट उघडा आणि ‘फाइल्स’ नावाचा तक्ता पाहा. एका रकान्यात ते चाळीस अक्षरी नाव, शेजारी विभाग, त्याच्या शेजारी फोनमधला खरा पत्ता. विभागाच्या रकान्यावर ‘कॅमेरारोलडोमेन’ अशी गाळणी लावली की फोटोंच्या ओळी उरतात, पत्त्यांत ‘डीसीआयएम’ आणि ‘आयएमजी’ हे ओळखीचे शब्द दिसू लागतात. मग काम सरळ: डावीकडचं नाव शोधायचं, फाइल कॉपी करायची, उजवीकडचं नाव द्यायचं. दहा फोटो असतील तर हातानं होतं. दहा हजार असतील तर पायथनमधल्या पाच-सात ओळींचं काम आहे, किंवा ‘लिबआयमोबाइलडिव्हाइस’ या मुक्त प्रकल्पातल्या बॅकअपच्या साधनाला ‘अनबॅक’ म्हणायचं, ते फोल्डरांचं सगळं झाड पूर्वीसारखं मांडून देतं.

मॅनिफेस्टच बिघडली असेल तरी सगळं संपत नाही. फाइलीच्या नावानं दगा दिला तरी तिचे पहिले काही बाइट खरं बोलतात. हेक्स एडिटरमध्ये जेपीजी फाइल उघडली की ती ‘एफएफ डी८’नं सुरू झालेली दिसते. एसक्यूलाइटची फाइल तर पहिल्याच ओळीत ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ असं नाव सांगते. आयफोनच्या नव्या फोटोंत पाचव्या बाइटपासून ‘एफटीवायपी’ आणि पुढे ‘हेइक’ दिसतं. एवढ्यावर गठ्ठे वेगळे करता येतात. नावं आणि पत्ते मात्र गेले ते गेले.

फोटोंच्या बाबतीत काही खाचखळगे आधी माहीत असलेले बरे. फोटोंना फोन जे आकडे देतो ते ९९९९ला पोचले की पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे खूप फोटो काढणाऱ्याच्या फोनमध्ये एकाच नावाचे दोन फोटो वेगवेगळ्या फोल्डरांत असतात. सगळे एकाच ठिकाणी ओतले तर दुसरा पहिल्याच्या छाताडावर बसतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. फोटो कापून, उजेड वाढवून ठेवला असेल तर डीसीआयएममध्ये मूळ फोटोच निघतो, सुधारलेला ‘फोटोडेटा’मधल्या ‘म्यूटेशन्स’ या फोल्डरात असतो. लाइव्ह फोटो दोन फाइलींचा असतो, एक चित्र आणि एक छोटा व्हिडिओ. आणि सगळ्यांत मोठी ठेच: आयक्लाउड फोटोज सुरू असेल तर तिथे चढलेले फोटो कॉम्प्युटरवरच्या बॅकअपात येतच नाहीत. तासभर शोधून काही मिळालं नाही म्हणून हार्ड डिस्कला शिव्या घालण्याआधी आयक्लाउडच्या साइटवर जाऊन बघावं.

मेसेजांकडे वळू. ती ‘३डी’मधली फाइल डीबी ब्राउझरमध्ये उघडली की ‘मेसेज’ या तक्त्यात मजकूर, आपण पाठवला की आपल्याला आला याची खूण, आणि समोरच्याचा एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक ‘हँडल’ या दुसऱ्या तक्त्यात शोधला की फोन नंबर कळतो. नाव तिथेही नाही, नावं ॲड्रेसबुकच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये. तारखेच्या रकान्यात मात्र तारीख दिसत नाही, अठरा आकडी संख्या दिसते.

या संख्येत नवखा माणूस हमखास फसतो. बहुतेक कॉम्प्युटर वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०पासून, ॲपल मोजतं १ जानेवारी २००१पासून. दोन्हींत ९७,८३,०७,२०० सेकंदांचं अंतर. त्यात आयओएस ११पासून मेसेजांची वेळ सेकंदांऐवजी नॅनोसेकंदांत लिहिली जाते, म्हणून आधी एक अब्जानं भागायचं, मग ते अंतर मिळवायचं. मिळवायला विसरलात तर १ जानेवारी २०२४चा मेसेज ३१ डिसेंबर १९९२चा दिसतो. जगातला पहिला एसएमएस इंग्लंडमध्ये गेला तो ३ डिसेंबर १९९२ला! आणि एवढं करून आलेली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवल्याशिवाय ती आपली होत नाही. डिपॉझिटच्या भांडणात मध्यरात्रीच्या अलीकडचा मेसेज की पलीकडचा, यावर काही अवलंबून असेल तर हे साडेपाच तास महागात पडू शकतात.

मेसेज मिळाले, सीएसव्ही फाइलीत उतरवले, एक्सेलमध्ये उघडले आणि सगळं मराठी गायब, हा पुढचा अंक. पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागे विचित्र चिन्हं, अशा माळा दिसतात. डेटाबेस बिघडलेला नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं आणि एक्सेल त्या तिन्हींना तीन वेगळी युरोपीय अक्षरं समजतं. जरा निरखून पाहिलं तर त्या गोंधळातही शिस्त आहे: क, म, न अशा व्यंजनांच्या जागी तो ए आणि चार टोकांचं चलनचिन्ह येतं, तर दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडलेल्या अक्षराच्या जागी ए आणि जपानी येनचं चिन्ह. त्यामुळे जोडाक्षरांनी भरलेला मजकूर असला की पानभर येनच येन दिसतात. उपाय साधा आहे. फाइलीवर डबल-क्लिक करायचं नाही. रिकामं एक्सेल उघडून ‘डेटा’ टॅबमधून मजकुराची फाइल आत घ्यायची आणि लिपीच्या यादीतून ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडायचं. पुन्हा सगळं मराठी.

आपल्याकडे एसएमएस आता बँकेच्या ओटीपीपुरता उरला आहे, खरी बोलाचाली व्हॉट्सॲपवर. आयफोनच्या बॅकअपात तीही असते. मॅनिफेस्टमध्ये व्हॉट्सॲपचा सामाईक विभाग शोधायचा, त्यात ‘चॅटस्टोरेज डॉट एसक्यूलाइट’ ही फाइल मिळते आणि ‘मीडिया’त फोटो, व्हिडिओ, व्हॉइस नोट. तक्त्यांची नावं झेडनं सुरू होतात, ते ॲपलच्या कोअर डेटा या चौकटीचं वळण आहे, त्यानं बिचकू नये. तारखा इथेही २००१पासूनच, फक्त सेकंदांत. ॲपलचं नोट्स मात्र त्रास देतं: मजकूर गुंडाळून, दाबून ठेवलेला असतो, तक्त्यात नुसता बायनरी चोथा दिसतो. त्यासाठी तयार साधनच वापरावं, हातानं सोडवत बसण्यात अर्थ नाही.

व्हॉट्सॲपचं हे इतकं सहज मिळतं, यावर जरा थांबायला हवं. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ हे शब्द वाचून आपण निर्धास्त असतो. ते संरक्षण मेसेज वाटेत असताना. बॅकअपाला पासवर्ड नसेल तर तेच मेसेज लॅपटॉपवर उघड्या डेटाबेसमध्ये पडलेले असतात आणि लॅपटॉप हातात आलेला कोणीही वर लिहिलेलं सगळं करू शकतो. लॅपटॉप दुरुस्तीला टाकताना बँकेची पासबुकं कपाटात ठेवणारी माणसं हा फोल्डर तसाच सोडून देतात. म्हणून बॅकअप एन्क्रिप्ट करावा, हे माझं ठाम मत. बॅकअप घेताना ‘एन्क्रिप्ट’च्या चौकोनात खूण करून पासवर्ड द्यायचा, एवढंच. उलट त्यानं बॅकअपात भरच पडते. आरोग्याची माहिती, साठवलेले पासवर्ड, वाय-फायची सेटिंग, कॉलचा इतिहास हे सगळं फक्त एन्क्रिप्टेड बॅकअपातच येतं.

आता या पासवर्डची गोष्ट. मजकूर कुलूपबंद होतो तो फोनच्या आत. कॉम्प्युटरकडे येतं ते बंद गाठोडंच. आयओएस १०.२पासून नोंदवहीसुद्धा या कुलपात असते, त्यामुळे आत कुठल्या फाइली आहेत हेही कळत नाही. फक्त ‘इन्फो’ नावाच्या फाइलीत फोनचं नाव, नंबर, आयएमइआय आणि बॅकअपची तारीख उघडी राहते. पासवर्डापासून किल्ली बनवताना तोच हिशेब १ कोटी वेळा करायला लावतात. खऱ्या मालकाला दोन-चार सेकंद थांबावं लागतं, पण अंदाजानं पासवर्ड फोडू पाहणाऱ्याला दर अंदाजामागे तेवढाच वेळ मोजावा लागतो. हे शहाणपण सुखासुखी आलेलं नाही. २०१६च्या सप्टेंबरात आयओएस १० आलं तेव्हा ॲपलनं पासवर्ड तपासायची एक कच्ची वाट ठेवून दिली होती, आणि एल्कमसॉफ्ट या कंपनीनं दाखवून दिलं की त्या वाटेनं पूर्वीच्या सुमारे २,५०० पट वेगानं अंदाज लावता येतात. ॲपलनं ती वाट घाईघाईनं बुजवली.

पासवर्ड विसरला तर? फोन हातात आणि चालू असेल तर आयओएस ११पासून ‘रीसेट ऑल सेटिंग्ज’ करता येतं. फोटो, मेसेज जागेवर राहतात, वाय-फाय वगैरे सेटिंग जातात आणि बॅकअपचा पासवर्डही जातो. पण तो पुढच्या बॅकअपांपुरता. जुने बंद ते बंदच. फोनच गेला असेल आणि पासवर्ड आठवत नसेल, तर आपल्याला सुचण्यासारखे पासवर्ड एकेक करून देत राहणं एवढंच हातात उरतं. ‘कुठलाही बॅकअप दोन मिनिटांत उघडू’ म्हणणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नयेत. आणि बॅकअप अपलोड करा, आम्ही फाइली काढून देतो म्हणणाऱ्या वेबसाइटांना तर बॅकअपाचा वासही लागू देऊ नये. विकतच्या सॉफ्टवेअरांपैकी काही चांगली आहेत, पण बरीचशी मोफत म्हणून उतरवून घेतात, आत काय काय आहे त्याची झकास यादी दाखवतात आणि ‘काढा’ म्हटलं की पैसे मागतात. यादी फुकट बघून घ्यावी. हवं ते त्यात आहे की नाही एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

अँड्रॉइडवर ही वेळ कमी येते, कारण चालू फोन केबलनं जोडला की फोटोंचा फोल्डर सरळ समोर दिसतो. गूगलच्या खात्यात जाणारा बॅकअप कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवता येत नाही, तो फोनवरच परत येतो. ज्यांनी २०११च्या अँड्रॉइड ४.०नंतर डेव्हलपरच्या साधनांनी बॅकअप घेतला होता त्यांच्याकडे मात्र ‘एबी’ शेपटीची एक फाइल पडून असते, आणि ती आयफोनच्या मानानं फारच साधी आहे. साध्या मजकूर-संपादकात उघडली तर वर चार ओळी वाचता येतात: ‘अँड्रॉइड बॅकअप’, मग आवृत्तीचा आकडा, मग दाबली आहे की नाही याचा एक किंवा शून्य, मग कुलूप नसेल तर ‘नन’. या चार ओळींचे २४ बाइट, ओळ संपल्याच्या खुणा धरून. ते कापून टाकले की खाली झेडलिबनं दाबलेली टार फाइल उरते. निकोलाय एलेन्कोव्ह यांचा ‘अँड्रॉइड बॅकअप एक्स्ट्रॅक्टर’ हेच करतो, पासवर्ड माहीत असेल तर कुलूपबंद फाइलीवरही.

अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचं गणित वेगळं. ते रात्री दोनच्या सुमाराला आपला बॅकअप फोनमध्येच ठेवतं. फाइल केबलनं उतरवता येते, पण ती ‘क्रिप्ट १५’सारख्या शेपटीची आणि कुलूपबंद असते. किल्ली ॲपच्या खासगी जागेत, तिथे आपला हात पोचत नाही. २०२१पासून एंड-टू-एंड बॅकअप सुरू करून ६४ आकडी किल्ली स्वतःकडे लिहून ठेवायची सोय आहे. ती किल्ली असेल तर कॉम्प्युटरवर फाइल उघडण्याचा रस्ता आहे, नसेल तर ती हार्ड डिस्कवर नुसती जागा अडवते. अँड्रॉइड १२पासून डेव्हलपरच्या त्या साधनाचेही हात बांधले आहेत: या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपांची माहिती त्या बॅकअपात येतच नाही. त्यामुळे नव्या फोनवर भरवशाचं उरतं ते केबल लावून कॅमेऱ्याचा फोल्डर, व्हॉट्सॲपचा ‘मीडिया’ आणि डाउनलोड उतरवून घेणं, आणि जे संभाषण खरंच महत्त्वाचं आहे ते व्हॉट्सॲपमधूनच ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून मजकुराच्या साध्या फाइलीत काढून ठेवणं. ती फाइल नोटपॅडमध्येही उघडते.